खिडकीवाले, दारवाले

वरचा जबडा एकटा कामाचा नाही. खालचाही नाही. दोन्ही साचे बिजागरीवर बसवायचे, उघडमीट करायची, कुठे अडतं ते बघायचं आणि तिथेच घासायचं.

*

बस डेपोत जिचा आवाज यायचा, तिला प्रवाशांनी कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून लोक तिला उंच समजायचे. ती बुटकी आहे.

*

दुकानात बिस्किटांकडे बोट दाखवलं की दुकानदार शेजारचा पुडा काढायचा. मान हलवली की त्याच्याही शेजारचा. शेवटी हातात पडेल तो घ्यायचा. घरी सगळे म्हणायचे, पोरीला खारी बिस्किटं फार आवडतात.

*

शीतगृहाचं दार आतूनही उघडता आलं पाहिजे. ते बसवणारा माणूस हा नियम सगळीकडे पाळतो, स्वतःचं घर सोडून.

*

समोर ओळ नसेल तेव्हा गप्प बसायचं. गप्प बसणं हेही वाचणंच.
(भिंतीवर चिकटवलेला कागद)

*

तुला कुणाकडे राहायचं आहे?

*

खिडकी

कवळ्या बनवणारी ती आई. डेपोतला आवाज ही आत्या. शीतगृहं बसवणारा बाबा. आणि बिस्किटांकडे बोट दाखवणारी मुंगी. मुंगीचं खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे, पण हजेरीला ती नुसता हात वर करते.

मुंगी बोलताना अडते. पहिल्याच अक्षरावर. दार लोटावं आणि पलीकडून कुणीतरी ते धरून ठेवलेलं असावं, तशी. लोक तेवढा वेळ थांबत नाहीत. ते तिचं वाक्य आपणच पुरं करतात, आणि पुरं करून तिच्याकडे असं बघतात की तिने आभार मानावेत.

आईबाबा वेगळे राहू लागले आणि मुंगी आईकडे राहिली. आता बाबाला ती हवी होती. बाबा महिन्यातला बराचसा काळ परगावी असतो आणि त्याच्या घरात राहते त्याची थोरली बहीण. म्हणजे मुंगी जाणार ती आत्याकडे, हे बाबालाही कळत होतं. त्याने ते कधी नाकारलं नाही. त्याने कधी काही कबूलही केलं नाही. तो फोनवर "मी छतावर आहे, नंतर बोलतो" एवढंच म्हणायचा.

वकिलाने आईला सरळ सांगितलं. "निकालाआधी समुपदेशक बाई पोरीला विचारतील. ती काय म्हणते त्यावर सगळं आहे. बाकी आम्ही नुसते कोट घालून उभे असतो."

"ती बोलत नाही हो पटकन."

"मग बोलती करा."

*

दार

डेपोतून निवृत्त झाल्यावर आत्याने मुलांच्या वाचनालयातली मागची खोली बळकावली. दर शनिवारी तिथे ती मुलांकडून दोन आवाजांच्या कविता वाचून घेते. मुलं समोरासमोर दोन रांगांत बसतात. खिडकीकडची रांग म्हणजे खिडकीवाले, दाराकडची म्हणजे दारवाले. कागदावर दोन रकाने असतात. डावा खिडकीचा, उजवा दाराचा. एका रकान्यात ओळ आणि दुसऱ्यात कोरी जागा असेल तर एकाने वाचायचं, दुसऱ्याने गप्प बसायचं. दोन्हीकडे ओळ असेल तर दोघांनी मिळून. कुणी आधी नाही, कुणी मागून नाही.

शब्द असे:

खिडकी: मी डावा
दार: मी उजवा
दोन्ही: खोक्यात झोपतो, नाकाला टाच
खिडकी: आधी मी निघतो
दार: मग मी पोचतो
दोन्ही: जिन्यात भांडण, रोजचाच जाच
खिडकी: चिखलात तो गेला
दार: मग मला का धुतला
दोन्ही: उन्हात वाळतो, नाकाला टाच

ही बुटांची कविता वाचताना मुंगी अडत नाही. फक्त 'दोन्ही'च्या ओळीतच नव्हे, तर 'खिडकी'च्या ओळीतही. कारण आत्या समोर बसून तिची ओळ तिच्याबरोबर अगदी हळू म्हणते. इतकी हळू, की शेजारच्या पोरालाही ऐकू येत नाही. दुसरा आवाज खाली पसरलेला असला की मुंगीचा आवाज त्यावरून घसरत जातो.

ही युक्ती आत्याची. तिचं तिला योग्य ते श्रेय द्यायला हवं. आईने ते कधीच दिलं नाही.

आई त्या शनिवारी न्यायला आली तेव्हा बूट चालू होते. ती दारात उभी राहिली. आपली मुलगी न थांबता बोलते आहे, हे तिने पहिल्यांदा ऐकलं, आणि ते परक्या खोलीत ऐकलं.

"ताई, निघायचं होतं."

"संपू दे. मध्येच उठली तर तिची ओळ कोण वाचणार?"

"दुसरं कुणीही."

"तसं नसतं ते." आत्याने चष्मा पुसला. आवाज अजून डेपोतलाच, सगळ्या फलाटांना पुरेल असा. आई तिला मनातल्या मनात भोंगा म्हणते. "घरी बोलते का गं?"

"बोलते."

"काय बोलते?"

"सगळं तुम्हाला कशाला सांगायचं?"

"असेल तर सांगशील ना. मी मात्र त्या बाईंना सांगणार आहे. पोरीला वाचा फुटते ती माझ्याजवळ. साक्षीला ही अख्खी खोली."

"तुमच्याजवळ नाही, तुमच्या मागून. तुम्ही म्हणता ते म्हणते. पोपटही म्हणतो."

"पोटच्या पोरीला पोपट म्हणालीस. छान. हेही सांगते त्यांना."

दोन्ही रांगा गप्प होत्या. कागदावर कोरी जागा आल्यासारख्या.

*

खिडकी

मग आईने बूट एका कागदावर उतरवून घेतले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली. आत्याला जमतं ते आपल्याला का जमू नये. दिवसभर तीही तोंडंच बघते की, परक्यांची, मेणातली, पण तोंडंच.

जमेना. 'दोन्ही'ला ती आधी तरी सुटायची नाहीतर मागे तरी राहायची. आणि कोरी जागा आली की तिला गप्प बसवत नसे. "हं." "छान." "पुढे." "घाबरू नको." मुंगी बोट वर करायची आणि कागदावरच्या कोऱ्या जागेवर टेकवायची.

"अगं, मी तुला धीर देतेय."

बोट तिथेच.

पण आई चिवट. कवळी एकदा बसली नाही तर ती घासते, पुन्हा घासते. एका संध्याकाळी 'नाकाला टाच' दोघींच्या तोंडून इतकं एकत्र निघालं की आईला स्वतःचा आवाज वेगळा ऐकूच आला नाही. ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उगाच ओटा पुसत राहिली.

त्यानंतर मात्र ती सुटलीच. कवितेपुरतं कशाला ठेवायचं? दुकानात आई सुरू करायची, "मला एक..." की मुंगी वाक्यात शिरायची आणि दोघी मिळून, "...लाल पेन द्या." शाळेच्या दारात, "आज माझा..." की दोघी, "...गृहपाठ घरी राहिला." लोक कौतुकाने बघायचे. पोरगी बोलायला लागली. आई घरी येऊन फोनवर बहिणीला सांगायची, "अगं धबधबा. अडतच नाही."

दवाखान्यातही तसंच झालं. "काय होतंय बाळ?" डॉक्टरांनी विचारलं. मुंगीचा हात वर जाऊ लागला होता. आईने सुरू केलं, "माझा..." आणि दोघी, "...घसा दुखतोय." एक आवाज, एक सूर. डॉक्टरांनी घसा बघितला, थोडा लाल वाटला, गोड औषध दिलं.

मुंगीचा कान दुखत होता.

शनिवारी उशीवर डाग पडला होता, आणि वाचनालयात आत्याने तो कान बघितला.

"कान फुटला पोरीचा आणि तू घशाचं औषध पाजतेस?"

"तिनेच सांगितलं घसा."

"तिने?"

"डॉक्टरांना विचारा. तिच्याच तोंडाने सांगितलं."

आत्याने मुंगीचे केस कानामागे सारले. मग इतक्या हळू बोलली की आईला पुढे वाकावं लागलं. "तोंड तिचंच होतं गं. त्यात शंका नाही."

*

दार

आत्या धुतल्या तांदळासारखी होती असं समजायचं कारण नाही.

त्याच आठवड्यात आई मुंगीला न्यायला बाबाच्या घरी गेली. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत फोन चालू होता आणि पलीकडे बाबा होता, म्हणजे एरवी छतावर असणारा बाबा.

"बोल ना बाबाशी," आत्या म्हणत होती. "मला..."

आणि दोघी, "...आत्याकडे बरं वाटतं. मला इथेच राहायचं आहे."

सुरेख. ना धाप, ना अडथळा. डेपोतल्या घोषणेसारखं स्वच्छ.

आई चपला न काढता आत गेली. "शिकवलंत वाटतं."

"शिकवायला कशाला हवं? तिच्या मनातलं आहे."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तिने."

आईने मुंगीचं दप्तर उचललं आणि ती तिला घेऊन निघाली.

*

खिडकी

त्या रात्री जेवणं झाल्यावर आईने आयुष्यातली पहिली कविता केली. वाईट होती. पण आईला ती चांगली व्हायला नको होती, पाठ व्हायला हवी होती.

खिडकी: सकाळी उठते
दार: वेणी कोण घालते
दोन्ही: आई
खिडकी: शाळेला निघते
दार: डबा कोण भरते
दोन्ही: आई
खिडकी: कुणी विचारलं तर
दार: सांगायचं खरं तर
दोन्ही: मला आईकडे राहायचं आहे

मुंगीने ती वाचली. कुठेही न अडता वाचली. शेवटची ओळ दोघींनी मिळून इतकी नीट म्हटली, की आईच्या अंगावर काटा आला. आनंदाचाच, असं तिने ठरवलं.

मग मुंगीने कागद खाली ठेवला आणि एकटीने तोंड उघडलं. "य... य..." आईचे ओठ लगेच हलायला लागले, पण काय म्हणायचं आहे ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिचा नाइलाज झाला. "...यमक. श... शेवटी जुळत नाही."

"जुळायची गरज नाही. अर्थ महत्त्वाचा."

"आ... आ... आत्याच्या कवितेचंही नाही जुळत."

"कुठली कविता?"

मुंगीने खांदे उडवले आणि झोपायला गेली.

*

दोन्ही

समुपदेशक बाईंची खोली मुलांसाठी केलेली होती. टेबल बुटकं, खुर्च्या बुटक्या, खडूंचा डबा. आत्या आरामात मावली. आईचे गुडघे हनुवटीला लागले. बाबा छतावर होता.

आत बसायची दोघींना मुळात परवानगी नव्हती. पण दोघींनी वेगवेगळे अर्ज करून एकच कारण दिलं होतं, मी बरोबर असल्याशिवाय मुलगी बोलत नाही. बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी नाक पुसलं, दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाल्या, "बसा. पण हे तिचं बोलणं आहे."

"अर्थात," आई म्हणाली.

"अर्थातच," आत्या म्हणाली.

बाईंनी आधी शाळेचं विचारलं, चित्रांचं विचारलं. मुंगीने माना हलवल्या. मग बाईंनी पेन उचललं. "आता मुख्य विचारते. घाई नाही. तुला कुणाकडे राहायचं आहे?"

मुंगीने टेबलाकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं. काही आलं नाही. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, बाई थांबल्या होत्या. बाई थांबू शकतात, तो त्यांचा पेशा आहे.

आईने आणि आत्याने एकाच वेळी श्वास घेतला.

"मला..."

दोघींच्या तोंडून. कुणी आधी नाही, कुणी मागून नाही. लग्नात, बारशात, दवाखान्यात, वकिलाकडे, इतक्या वर्षांत एका शब्दावर ज्यांचं कधी एकमत झालं नव्हतं, त्या दोघी तालासुरात म्हणाल्या, "मला." आणि दोघी थांबल्या, कारण पुढचा शब्द वेगळा होता.

मुंगीने तोंड मिटलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पुढे कोण बोलणार आहे?"

"नाही, म्हणजे, तिला सुरुवात करून दिली की..." आई म्हणाली.

"ही एक पद्धत आहे," आत्या म्हणाली. "मी तुम्हाला समजावते, दोन आवाजांचं जे असतं ना..."

"बाहेर," बाई म्हणाल्या. "दोघीही."

*

बाहेर एकच बाक होता. आई खिडकीकडच्या टोकाला बसली, आत्या दाराकडच्या.

खिडकी: तुम्ही तोंड उघडायची काय गरज होती
दार: तू उघडलंस म्हणून
खिडकी: मी आई आहे
दार: घशाचं औषध पाजणारी
खिडकी: फोनवर पढवणारी कोण
दार: आणि तू ओव्या रचत होतीस ते
खिडकी: तुम्हाला कुणी सांगितलं
दार: यमक जुळत नाही म्हणाली
दोन्ही: पोरीचं वाटोळं केलंत/केलंस
खिडकी: हळू बोला, डेपो नाही हा
दार: तू दात आवर आधी
खिडकी: तुमच्या भावाने एकदा तरी
दार: त्याला मध्ये आणू नको
खिडकी: तो मध्ये कधी होता
दार:
खिडकी:
दोन्ही: ऐका/ऐक

आतून आवाज येत होता. दारातून शब्द कळत नव्हते, फक्त एक बारीक आवाज, तुटणारा, थांबणारा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तोच. त्याच्याखाली दुसरा आवाज नव्हता. बाई एक अक्षर बोलत नव्हत्या.

"अडली," आत्या म्हणाली.

"अडू दे."

"तू म्हणतेस अडू दे?"

"तुम्ही ओठ हलवताय, ताई."

"तुझेही हलतायत."

दोघींनी ओठ मिटले. मिटायला दोघींनाही जोर लावावा लागला. आतला आवाज कधी एकदा पुरा होतो असं त्यांना झालं होतं, आणि काय म्हणून पुरा होतो याची भीती होती, आणि या दोन्ही गोष्टींत बाकावरची दुसरीही सामील आहे हे दोघींना सहन होत नव्हतं. शिपाई चहाचे कप घेऊन गेला, रिकामे कप घेऊन परत आला. आत अजून चालू होतं.

*

बाईंनी दार उघडलं. मुंगी टेबलापाशी खडू रंगाप्रमाणे लावत बसली होती. तिचे कान लाल झाले होते, बाकी काही नाही.

"तिने सांगितलं," बाई म्हणाल्या. "मी तसंच कळवणार आहे. तिला आईकडे राहायचं आहे."

आईने डोळे मिटले. बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून पर्सची चेन करकर वाजली.

"पुढे ऐका. शनिवारी वाचनालयात जायचं आहे. पण आत्यासमोर बसायचं नाही. पाववाल्याच्या मुलीसमोर बसणार. ती चुकते, म्हणून ती बरी, असं म्हणाली."

"चुकते म्हणून बरी," आत्या म्हणाली. "तीन वर्षं मी घसा कोरडा केला."

"आणि तुमच्यासाठी." बाई आईकडे वळल्या. "ती बोलत असताना तुम्ही बोलायचं नाही. ओठही हलवायचे नाहीत. ही अट आहे. तिची, माझी नाही. नसेल जमत तर ती म्हणते, बाबा घरी असेल तेवढे दिवस तिकडे जाईन, कारण बाबा ऐकतच नाही, त्यामुळे मध्ये बोलत नाही."

आईच्या तोंडून निघून गेलं, "हे सगळं तिने स्वतः म्हटलं?"

बाईंनी नाक पुसलं. "वेळ लागला. मी थांबले. अवघड काही नव्हतं."

*

आवारात ऊन होतं. आत्या पुढे चालत होती, मग थांबली आणि वळली.

"जिंकलीस म्हणून मिरवू नकोस. तुलाही हाकललंय तिने."

"मला घरातून नाही हाकललं."

"तेवढंच राहिलंय." आत्याने मुंगीकडे बघितलं, काहीतरी म्हणण्यासाठी श्वास घेतला, तो तसाच सोडून दिला आणि फाटकातून निघून गेली. मागून बघितलं तर ती फारच बुटकी दिसत होती. आईला बरं वाटलं आणि बरं वाटलं याचा रागही आला, आत्याचाच.

मुंगी म्हणाली, "म... म..."

आईची जीभ उचलली गेली. मला. मग. मधे. माझ्या. तिने दात दातांवर दाबले आणि समोर लावलेल्या स्कूटरच्या नंबराकडे बघत राहिली. जबडा दुखायला लागला. मुंगी अजून त्याच अक्षरावर होती आणि तिला काही घाई दिसत नव्हती. उलट, वर मान करून ती आईच्या ओठांवर नजर ठेवून होती, पहारेकरी ठेवतो तशी.

आईला माहीत नव्हतं, पण त्याच दिवशी सकाळी निघताना गॅस बंद आहे ना ते बघायला ती पुन्हा वर गेली होती, तेव्हा टॅक्सीवाल्याला पत्ता मुंगीने सांगितला. ती दोनदा अडली आणि तो आरशात बघत थांबला.